वनस्पतिजन्य आहाराकडे वळताना स्वतःची ध्येये कशी ठरवावीत

मराठी घरात वनस्पतिजन्य आहाराचा विषय निघाला, की अनेकदा पहिले उत्तर येते, ‘आम्ही तर शाकाहारीच आहोत.’ परंतु शाकाहारी घरातही सकाळच्या चहातले दूध, वरणावरचे तूप, कोशिंबिरीतले दही आणि सणाचे श्रीखंड या वाटांनी प्राणिजन्य पदार्थ दिवसभर पानात येत असतात. याउलट, मासे-मटण आवडीने खाणाऱ्या घरांतही आठवड्यातील बरीच जेवणे पिठले-भाकरी, उसळ-पोळी किंवा आमटी-भात यांवर होतात आणि त्यांत प्राणिजन्य असे काहीच नसते. त्यामुळे पहिल्या घराला कदाचित केवळ दुधाचा विचार करावा लागेल, तर दुसऱ्या घराला आधीपासूनच निम्मी वाट चाललेली असल्याचे लक्षात येईल. दोघांचे ध्येय एकसारखे असू शकत नाही, आणि म्हणूनच दुसऱ्याची यादी उतरवून घेण्यापेक्षा स्वतःची ध्येये स्वतः ठरवणे आवश्यक ठरते.

आधी एका आठवड्याची नोंद

पहिले काम म्हणजे काहीही न बदलता एक आठवडा आपण काय खातो ते लिहून ठेवणे. साध्या वहीत तारीख, वेळ आणि पदार्थ एवढे पुरेसे आहे. मात्र पदार्थासोबत तो कशात केला हेही लिहावे. साबुदाण्याची खिचडी तुपात केली की शेंगदाण्याच्या तेलात, पोळीला वरून तूप लावले की तेल, भाजीत साय घातली का, हे तपशीलच पुढे उपयोगी पडतात. चहाचे कप वेगळे मोजावेत. आठवडाअखेर प्रत्येक जेवणासमोर ‘पूर्ण वनस्पतिजन्य’, ‘एक पदार्थ बदलल्यास होईल’ किंवा ‘मुळातूनच बदलावे लागेल’ अशी खूण करावी. भरली वांगी, झुणका, थालीपीठ, अळूचे फदफदे, डाळिंबीची उसळ, गोव्याचे खतखते हे पदार्थ पहिल्या गटात बसतात. मधला गट सहसा सर्वांत मोठा निघतो आणि ध्येये प्रामुख्याने याच गटातून निवडायची असतात.

कारण आणि सीमा

हा बदल आपण कशासाठी करीत आहोत, हे एका वाक्यात लिहून ठेवावे. जनावरांविषयीची भूमिका हे कारण असेल, तर तूप, मध आणि प्रसादाचे पेढे यांबाबत स्पष्ट निर्णय घ्यावा लागेल. दूध पचत नाही हे कारण असेल, तर प्रश्न दुधापुरताच राहील. आहारात भाज्या, कडधान्ये आणि भरडधान्ये वाढावीत एवढाच हेतू असेल, तर चहातल्या दोन चमचे दुधावर वाद घालत बसण्याचे काहीच कारण नाही. सीमा आधीच ठरवलेली असली, म्हणजे लग्नाच्या पंगतीत किंवा कचेरीतील वाढदिवसाला ऐनवेळी विचार करावा लागत नाही.

ध्येय कामाच्या भाषेत लिहावे

‘या वर्षी व्हीगन व्हायचे’ (म्हणजे सगळे प्राणिजन्य पदार्थ सोडायचे) किंवा ‘प्रथिने वाढवायची’ ही इच्छा झाली. ध्येयाची माझी कसोटी अगदी घरगुती आहे: ते वाचल्यावर आज रात्री काय भिजत घालायचे किंवा उद्या बाजारातून काय आणायचे, हे कळले पाहिजे. ‘येत्या चार आठवड्यांत सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी रात्रीच्या जेवणात मोड आलेल्या कडधान्याची उसळ करीन’ हे वाक्य या कसोटीला उतरते, कारण त्यात पदार्थ आहे, वार आहेत आणि मुदतही आहे. ‘दुपारच्या वरणावर तुपाऐवजी तीळकूट किंवा जवसाची चटणी घेईन’, ‘रविवारी एक नवी पालेभाजी आणून स्वतः निवडून शिजवीन’, ‘महिनाभर नाश्त्यात दूध-अंड्याशिवायचे पदार्थ ठेवीन’ हीही तशीच उदाहरणे आहेत.

मुदत घालून नेम पाळणे आपल्याकडे नवीन नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य करणारी असंख्य घरे आहेत, तसेच एरवी मांसाहार करणारी कुटुंबेही श्रावणात तो सहज बंद ठेवतात. त्यामागची श्रद्धा बाजूला ठेवली, तरी त्या रीतीतील व्यवहारज्ञान घेण्यासारखे आहे: काय वर्ज्य आहे हे स्पष्ट असते, ते कधी संपणार हे ठाऊक असते आणि सगळे घर ते मानते. उणीव एवढीच, की तेथे बहुतेक भर सोडण्यावर असतो. म्हणून एखादी गोष्ट कमी करण्याचे ध्येय घेतले, तर तिच्या जागी काय येणार हे त्याच ओळीत लिहावे. एका वेळी दोनपेक्षा अधिक ध्येये घेऊ नयेत.

भिजवण्याचे वेळापत्रक

वनस्पतिजन्य स्वयंपाकात अडचण बहुधा पाककृतीची नसून वेळेची असते. संध्याकाळी सात वाजता मटकीची उसळ करावी असे वाटून काहीही साधत नाही; ती मटकी आदल्या दिवशी सकाळीच पाण्यात पडलेली असावी लागते. सात-आठ तास भिजवून, पाणी उपसून, ओलसर फडक्यात घट्ट बांधून ठेवली, की उन्हाळ्यात मटकीला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चांगले मोड येतात. थंडीत मात्र पुरचुंडी उबदार जागी ठेवूनही अधिक वेळ द्यावा लागतो. मुगाची रीत तीच. वालांना मोड आणून ते सोलण्याचा वेगळा खटाटोप असतो, म्हणून डाळिंबीची उसळ सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवावी. छोले आणि राजमा रात्रभर भिजवून कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावेत. राजमा कच्चट राहिल्यास पोटाला त्रास होतो. घाईच्या दिवसांसाठी मसूर आणि मुगाची डाळ आहेच, आणि कुळथाचे पीठ डब्यात असेल, तर कोकणातली पिठी दहा-पंधरा मिनिटांत तयार होते.

म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर ‘काय शिजवायचे’ याऐवजी ‘काय कधी भिजवायचे’ असे वेळापत्रक लावावे. रविवारी सकाळी मटकी, मंगळवारी रात्री छोले, गुरुवारी सकाळी मूग, एवढे लिहिले तरी आठवड्याची निम्मी जेवणे आपोआप ठरतात. मोड आलेले कडधान्य शीतकपाटात दोन-तीन दिवस राहते. ज्यांना यातून वायूचा त्रास होतो, त्यांनी मात्रा हळूहळू वाढवावी, भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि फोडणीत हिंग व आल्याला विसरू नये.

दूध: सर्वांत चिवट भाग

दुधाचे सगळे पदार्थ एकदम सोडण्याचे ध्येय अनुभवाने टिकत नाही. तूप, दही, मिठाई आणि चहा अशी त्यांची स्वतंत्र नावे लिहून सोप्यापासून अवघडाकडे जावे. तुपाची जागा फोडणीपुरती शेंगदाणा, तीळ किंवा करडईचे तेल सहज घेते. कोशिंबिरीत दह्याऐवजी दाण्याचे कूट, लिंबू आणि ओले खोबरे घातले, तर ती वेगळी पण तितकीच चविष्ट होते. ताकाची सवय असलेल्यांनी जेवणाअखेर नारळाच्या दुधाची सोलकढी घेऊन पाहावी. कोकम आणि नारळ ज्या भागात मुबलक आहेत, तेथे तर हा बदल बदलासारखा वाटतही नाही.

दह्याशिवाय ज्यांचे पानच पूर्ण होत नाही, त्यांना शेंगदाण्याचे दही करता येते. एक वाटी शेंगदाणे सहा-आठ तास भिजवून साले काढावीत, तीन वाट्या पाणी थोडे थोडे घालत मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटावेत आणि पातळ कापडातून गाळून घ्यावेत. हे दूध सतत ढवळत एक उकळी येईपर्यंत तापवावे, कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरच्यांचे स्वच्छ धुतलेले चार-पाच देठ टाकावेत आणि उबदार जागी आठ ते बारा तास ठेवावे. पहिले विरजण बहुधा पातळ लागते. त्यातलेच दोन चमचे पुढच्या खेपेला वापरले की दही घट्ट लागू लागते. शेंगदाण्याचा थोडा वास त्याला राहतो, त्यामुळे नुसते खाण्यापेक्षा कढीत किंवा दहीबुत्तीत ते अधिक चांगले लागते. गाळून उरलेला चोथा थालिपिठाच्या पिठात घालावा.

चहाचे ध्येय शेवटी ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्याच आठवड्यात चहा बिघडला, की बाकीच्या चांगल्या बदलांवरचा विश्वासही उडतो.

पोषणाची ध्येये

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० उष्मांकांच्या दिवसासाठी सुचवलेल्या ताटात २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम तेलबिया व सुकामेवा, २७ ग्रॅम तेल आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आहे. प्रौढांसाठी प्रथिनांची शिफारस दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. आता वरच्या ताटातून दूध वगळून हिशेब करावा: धान्यांतून सुमारे २५, डाळी-कडधान्यांतून १८ आणि तेलबिया म्हणून शेंगदाणे धरल्यास त्यांतून ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज जेमतेम जमते, परंतु ती ८५ ग्रॅम कडधान्य रोज खरोखर पोटात गेले तरच. कच्चे वजन धरले, तर हे साधारण अर्ध्या वाटीपर्यंत जाते, आणि पातळ वरणाच्या एका पळीत तेवढी डाळ नसते. म्हणून घरातील एक वाटी एकदा वजनकाट्यावर मोजून घ्यावी आणि ध्येय वाटीच्या भाषेत लिहावे.

प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि दूध बंद झाल्यावर त्यातील सुमारे एकतृतीयांश भाग दुसरीकडून आणावा लागतो. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तीळ, राजगिऱ्याची पाने आणि शेवग्याचा पाला हेही चांगले स्रोत आहेत. पालकात कॅल्शियम दिसत असले, तरी त्यातल्याच ऑक्झलेट या घटकामुळे ते अंगी फारसे लागत नाही. लोहासाठी पालेभाज्या आणि कडधान्यांवर लिंबू पिळण्याची सवय ठेवावी, आणि जेवणालगतचा चहा तासभर पुढे ढकलावा, कारण चहातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते.

बी-१२ या जीवनसत्त्वाबाबत मात्र तडजोड नको. वनस्पतिजन्य पदार्थांतून ते भरवशाने मिळत नाही. इडलीचे आंबवण, मोड किंवा स्पिरुलिना (शेवाळाची पूड) यांवर विसंबू नये. सगळे प्राणिजन्य पदार्थ सोडायचे असतील, तर सुरुवातीलाच रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करणे हे पहिल्या महिन्याच्या ध्येयांतच लिहावे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ आधीच कमी झालेले असू शकते. गर्भवती, स्तनदा माता, लहान मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणारे यांनी आहारात मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. वॉरफरिन घेताना पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवणे योग्य नाही.

घर, सण आणि बाहेरचे खाणे

ध्येय एकाचे आणि श्रम दुसऱ्याचे, ही या विषयातील नेहमीची विसंगती आहे. नवऱ्याने किंवा मुलाने संकल्प करायचा आणि आईने किंवा पत्नीने त्याच्यासाठी वेगळी भाजी, वेगळे दही आणि वेगळी पोळी करायची, ही व्यवस्था फार दिवस चालत नाही आणि चालूही नये. म्हणून प्रत्येक ध्येयासमोर ते काम कोण करणार हे लिहावे आणि निदान भिजवणे, निवडणे व वाटणे ही कामे संकल्प करणाऱ्याने स्वतःकडे घ्यावीत. ज्येष्ठांना ‘वरणावर तूप नको’ हे बोलणे लागू शकते. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा त्यांना अंबाडीची भाजी किंवा कुळथाचे कळण कसे करतात हे विचारावे.

सणांसाठी आधीच पदार्थ नेमून ठेवावेत. उकडीचे मोदक आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या तांदळाचे पीठ, नारळ व गूळ यांच्याच असतात, वरचे तूप वगळले की झाले. पुरणपोळी दुधाऐवजी नारळाच्या दुधासोबत खाता येते. मालवणकडचे शिरवाळे तर नारळाच्या गोड रसातच वाढतात.

बाहेरचे पाकीट घेताना हिरव्या ठिपक्यावर थांबू नये. त्या खुणेत दूध, लोणी आणि मध चालतात. साहित्याच्या यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे किंवा कॅसिन हे दुधापासूनचे घटक आहेत का ते पाहावे, आणि त्याखालची ॲलर्जीची सूचनाही वाचावी. व्हीगन पदार्थांसाठी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२२ च्या नियमांनुसार स्वतंत्र हिरवी ‘व्ही’ची खूण ठरवली आहे. उपाहारगृहात ‘व्हीगन आहे का’ असे विचारण्याऐवजी ‘यात दूध, दही, तूप, लोणी काही घालता का’ असे विचारल्यास नेमके उत्तर मिळते.

महिन्याचा आढावा

महिनाअखेर वही उघडून ठरलेल्या दिवसांपैकी किती दिवस ध्येय पार पडले ते मोजावे. चारपैकी तीन वेळा जमले असेल, तर ध्येय योग्य मापाचे आहे. निम्म्याहून कमी वेळा जमले असेल, तर त्याचे कारण शोधावे: कडधान्य भिजवायला विसरले, घरी पाहुणे आले, की चवच आवडली नाही? विसरण्यावर उपाय फोनमधील गजराचा आहे, पाहुण्यांसाठी वार बदलता येतो, आणि चव आवडली नसेल, तर तो पदार्थ बिनदिक्कत वगळून दुसरा घ्यावा. वजन रोज करू नये. पोट, झोप आणि दमणूक यांची एक ओळीची नोंद अधिक उपयोगी ठरते. बी-१२ आणि हिमोग्लोबिनची पुढची तपासणी कधी करायची हे डॉक्टरांना विचारून ती तारीख वहीत लिहावी.

जे काम सवयीचे झाले, ते यादीतून काढून त्याच्या जागी ऋतूप्रमाणे नवे काम घ्यावे. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली यांपैकी दर आठवड्याला एक रानभाजी शिकता येईल, पण ती ओळखीच्या विक्रेतीकडूनच घ्यावी आणि तिच्याकडूनच करण्याची पद्धत विचारून घ्यावी. शेवळासारखी भाजी चिंच किंवा काकड (एक आंबट रानफळ) न घालता केली, तर घसा खवखवतो. हिवाळ्यात ओले वाल, पावटे, तूर आणि हरभरे बाजारात असतात, तेव्हा भिजवण्याच्या वेळापत्रकाला थोडी सुट्टी देता येते.