पिकअपच्या इंजिनातली टिकटिक शेवटी सापडली

सकाळी थंड इंजिन चालू केलं की टिक टिक टिक, अ‍ॅक्सिलरेटर दिला की आवाज तेवढाच फास्ट, आणि १०-१५ मिनिटं गाडी चालली की जवळपास बंद. मेकॅनिक म्हणाला लिफ्टर (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडायला लावणारे छोटे भाग) गेलेत, इंजिन खोलावं लागेल. मला पटेना, कारण ऑइल लेव्हल बरोबर होती आणि प्रेशरही नीट दाखवत होतं.

मग एक रबरी पाइप घेतला, एक टोक कानाला आणि दुसरं इंजिनभोवती हळूहळू फिरवत गेलो (फॅन आणि बेल्टपासून लांब राहा हं, खरंच सांगतोय), तर व्हॉल्व्ह कव्हरपाशी (इंजिनवरचं झाकण, लिफ्टरचा आवाज इथे यायला हवा) आवाज कमी आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा पाइपांचा भाग) मागच्या कोपऱ्यात एकदम कडक. टॉर्च मारला तर तिथे काळी काजळी आणि एका बोल्टचं डोकंच गायब!

म्हणजे बोल्ट तुटल्यामुळे मॅनिफोल्ड आणि इंजिनमध्ये फट पडली होती आणि तिथून धूर टिकटिक करत बाहेर पडत होता. गरम झाल्यावर धातू प्रसरण पावतो, फट बुजते, म्हणून आवाज जायचा. लिफ्टरचाही आवाज कधीकधी गरम झाल्यावर कमी होतो, त्यामुळे फसायला होतं, पण काजळी लिफ्टरमुळे येत नाही.

तुटलेला बोल्ट काढायला अख्खा दिवस गेला, रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल (अडकलेले बोल्ट सैल करणारं तेल) मारून ठेवलं होतं तरी. नवीन गॅस्केट (सांध्यातून धूर गळू न देणारी पट्टी), नवीन बोल्ट, आता थंडीतही इंजिन शांत.