लष्करातून शासनात गेलेल्या अधिकाऱ्याचा जीवनलेख कसा लिहावा

निवृत्तीनंतर शासनाचे सल्लागार झालेल्या लष्करी अधिकाऱ्यावर लिहिताना रणांगणाची पाने भराभर भरतात आणि शासनातील काम शेवटच्या दोन ओळींत उरकले जाते. हा अन्याय टाळायचा असेल, तर लेखनाची सुरुवात त्या दोन कालखंडांच्या सांध्यापासून करावी: गणवेश कोणत्या तारखेला उतरला आणि पुढची नेमणूक कोणत्या आदेशाने, कोणत्या पदावर झाली, हे आधी निश्चित करावे.

राज्यपालांचा लष्करी परिसहायक (एडीसी, म्हणजे त्यांच्या दिमतीला असणारा) सेवेतीलच अधिकारी असतो आणि मुदत संपताच आपल्या दलात परततो. सल्लागार मात्र बहुधा निवृत्तीनंतर नेमला जातो. या दोन भूमिकांची गल्लत करू नये. जनरल अनिल चौहान 31 मे 2021 रोजी पूर्व कमांडचे प्रमुख असताना लेफ्टनंट जनरल या हुद्द्यावरून निवृत्त झाले, त्यानंतर राष्ट्रीय सुरक्षा परिषद सचिवालयात लष्करी सल्लागार होते आणि 30 सप्टेंबर 2022 रोजी पुन्हा गणवेश चढवून संरक्षण दल प्रमुख झाले. मधला काळ गाळला, तर ही नेमणूक वाचकाला अचानक आभाळातून पडल्यासारखी वाटेल.

तारखा आठवणींवर सोडू नयेत. घरातला निवृत्तिवेतनाचा आदेश प्रथम मागावा. मग पदके हाती घेऊन त्यांच्या कडा भिंगाखाली पाहाव्यात. सेवापदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, त्यामुळे पदक कोरले गेले तेव्हाचा हुद्दा तिथेच सापडतो. संरक्षण मंत्रालयाच्या नेमणुका व बढत्यांच्या अधिसूचना भारताच्या राजपत्रात भाग एक, खंड चारमध्ये छापल्या जातात. जुन्या मुंबई राज्याच्या कारभाराशी संबंध असेल, तर फोर्टमध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारात एक दिवस निवांत बसावे. माझ्या मते तो दिवस कधीच वाया जात नाही.

नाव ‘ब्रिगेडियर अमुक (निवृत्त)’ असे लिहावे, कारण निवृत्त अधिकारी होतो, हुद्दा नव्हे.

शासनातील कामाबद्दल ‘मोलाचा सल्ला दिला’ एवढ्यावर थांबू नये. कोणत्या प्रश्नावर, कोणाला, काय सुचवले आणि त्यातले काय स्वीकारले गेले, हे विचारावे. फेटाळलेली सूचनाही नोंदवावी, कारण माणसाचा कस तिथे अधिक कळतो. शासकीय गुपिते अधिनियम, 1923 निवृत्तांनाही लागू असल्यामुळे फायलींचा तपशील कोणावर दबाव आणून काढून घेऊ नये, आणि छापण्यापूर्वी मजकूर संबंधित अधिकाऱ्याला अथवा कुटुंबाला अवश्य वाचायला द्यावा.