पॅनेलवरचा आकडा वेगळा, बाळाचा वेगळा: एसएनसीयूतल्या नवजात बाळाचं तापमान कसं घ्यावं

रेडियंट वॉर्मरच्या (बाळाला वरून ऊब देणाऱ्या हीटरच्या) पॅनेलवर दिसणारा आकडा तसाच चार्टवर उतरवणं ही एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, सर्रास होणारी चूक आहे. पॅनेल दाखवतं ते प्रोबचं, म्हणजे बाळाच्या त्वचेला चिकटवायच्या सेन्सरचं तापमान. प्रोब बाळाच्या पोटाला नीट चिकटलेला असेल तर तो आकडा त्वचेच्या तापमानाचा असतो. सुटलेला असेल तर गादीचा, दुपट्याचा किंवा नुसत्या हवेचा. म्हणून बाळ वॉर्मरवर असो, इन्क्युबेटरमध्ये असो की आईच्या छातीवर, ठरावीक वेळाने थर्मामीटर काखेत लावावाच लागतो. ड्युटीवर नव्याने आलेल्या सिस्टर-ब्रदरसाठी ही सगळी माहिती एका जागी देत आहोत.

आकडे आधी पाठ हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे काखेतलं ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस म्हणजे नॉर्मल. ३६.० ते ३६.४ म्हणजे कोल्ड स्ट्रेस (बाळ गार पडायला लागलं आहे), ३२.० ते ३५.९ मध्यम हायपोथर्मिया (अंग धोकादायक गार पडणं) आणि ३२ च्या खाली गंभीर. ३७.५ च्या वर गेलं तर बाळ जास्त तापलेलं. फॅरनहाइटमध्ये नॉर्मलची हद्द ९७.७ ते ९९.५ होते. चार्ट मात्र सेल्सिअसमध्येच ठेवा. आपल्याकडे घरोघरी ताप फॅरनहाइटमध्ये मोजतात, त्यामुळे ९६.८ वाचून 'जरासंच कमी आहे' असं वाटून जातं. ते ३६.० असतं, म्हणजे मध्यम हायपोथर्मियाच्या उंबरठ्यावर.

३६.२ ला 'जवळपास नॉर्मल' म्हणून सोडू नका. नवजात बाळ मोठ्या माणसासारखं कुडकुडून ऊब तयार करू शकत नाही. ते खांद्यांच्या मधली, मानेजवळची, काखेतली आणि मूत्रपिंडांभोवतीची तपकिरी चरबी जाळतं, आणि त्यासाठी ऑक्सिजन आणि साखर दोन्ही खर्च होतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे ही चरबीच तुटपुंजी असते. त्यामुळे बाळ जरा गार पडलं तरी साखर उतरते, श्वास वाढतो, पुढे अॅप्निया येतो, म्हणजे श्वास मध्येच थांबतो.

थर्मामीटर कोणता

०.१ अंशापर्यंत दाखवणारा डिजिटल थर्मामीटर वापरा. घेताना तो किती खालपर्यंत मोजतो ते पाकिटावर बघा. पाऱ्याचा साधा थर्मामीटर ३५ पासून सुरू होतो. ३३ अंशाच्या बाळाला तो लावला की पारा खुणांच्या खालीच राहतो आणि चार्टवर '३५' लिहिलं जातं. बरेच डिजिटल थर्मामीटर ३२ च्या खाली आकडा न दाखवता नुसतं 'लो' दाखवतात. ते 'लो' मशिनचा बिघाड समजून थर्मामीटर झटकू नका. दुसरा थर्मामीटर लावून खात्री होईपर्यंत ते बाळ गंभीर हायपोथर्मियाचंच धरायचं. ३० च्याही खाली मोजणारा एक लो-रीडिंग थर्मामीटर युनिटमध्ये हवाच. पाऱ्याचा थर्मामीटर मात्र युनिटबाहेर काढा, कारण बंद, उबदार खोलीत काच फुटली तर पाऱ्याची वाफ बाळांच्याच श्वासात जाते.

प्रत्येक बेडला स्वतंत्र थर्मामीटर ठेवा. एकच थर्मामीटर बारा बाळांना फिरवला तर जंतूही बारा बाळांना फिरतात. दर वेळी आधी आणि नंतर ७० टक्के अल्कोहोलच्या स्वॅबने टोक पुसा, आणि वाळल्याशिवाय लावू नका. ओलं टोक उडत्या अल्कोहोलमुळे गार असतं.

कपाळासमोर धरायची इन्फ्रारेड गन वॉर्मरखाली निरुपयोगी आहे. वॉर्मरचे किरण कपाळाच्या त्वचेलाच तापवतात आणि गन तीच ऊब मोजते. कानाचा थर्मामीटरही नको. नवजात बाळाची कानाची नळी इतकी अरुंद असते की टोक पडद्याकडे रोखलंच जात नाही.

काखेत कसं घ्यायचं

१. हात धुवा आणि उबदार करून घ्या. इन्क्युबेटरचं झाकण उघडू नका, खिडकीतून हात घाला.

२. काख बघा. ओली असेल तर मऊ कापडाने टिपून घ्या. चोळू नका, चोळण्याने त्वचा तापते. हात बराच वेळ पसरलेला असेल तर काख गारही पडलेली असते आणि वॉर्मरच्या किरणांनी तापलेलीही असू शकते. हात दोन-तीन मिनिटं अंगालगत धरून ठेवा, मग मोजा.

३. थर्मामीटर सुरू करा आणि टोक काखेच्या अगदी मध्यावर, खोलगट भागात ठेवा. थर्मामीटरची दांडी बाळाच्या अंगाला समांतर हवी, खालून वर जाणारी. आडवी घातली तर टोक पाठीमागून बाहेर निघतं. हजार ग्रॅमच्या बाळाची काख आपल्या करंगळीच्या पेरापेक्षा मोठी नसते आणि हाताभोवती मांसही नसतं. त्यामुळे टोक आत आहे असं वाटतं आणि अर्धं हवेत असतं. डोळे खाली नेऊन बाजूने बघा.

४. दंड हळूच छातीलगत आणा आणि कोपरापाशी दोन बोटांनी धरून ठेवा. दाबायचं नाही. ज्या हातात सलाइन आहे त्या बाजूची काख शक्यतो टाळा.

५. बीप होईपर्यंत थर्मामीटर हलवू नका. आकडा चढण्याचा वेग मंदावला की डिजिटल थर्मामीटर बीप देतो, म्हणून मध्येच टोक सरकलं तर चुकीच्या आकड्यावरही बीप होते. आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर थर्मामीटर पुसून दुसऱ्या काखेत पुन्हा लावा.

६. आकडा तिथेच, त्याच मिनिटाला लिहा. चार बाळांचे आकडे डोक्यात ठेवून टेबलाशी जाऊन लिहिले की अदलाबदल होते.

गुदद्वारातून तापमान रोज घेण्याची पद्धत नको. आतडं फाटण्याचा धोका असतो आणि ठोके मंदावू शकतात. गंभीर हायपोथर्मियात डॉक्टरांनी सांगितलंच तर टोकाला वंगण लावून २ सेंटीमीटरपेक्षा जास्त आत नाही, आणि थर्मामीटर एक क्षणही हातातून सोडायचा नाही. कूलिंग थेरपीची गोष्ट वेगळी. जन्मावेळी गुदमरलेल्या बाळाला ७२ तास ३३ ते ३४ अंशांवर ठेवतात तेव्हा आतलं तापमान सतत दिसावं लागतं, म्हणून मऊ प्रोब गुदाशयात किंवा अन्ननलिकेत बसवूनच ठेवलेला असतो. तिथे काखेवर विसंबता येत नाही.

थर्मामीटर हातात घ्यायच्या आधी एका हाताच्या पाठीने बाळाचं पोट आणि मग तळपाय बघण्याची सवय लावून घ्या. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार म्हणजे कोल्ड स्ट्रेस सुरू झाला आहे. दोन्ही गार म्हणजे हायपोथर्मिया, लगेच थर्मामीटर लावा.

प्रोब बसवणं

बाळ उताणं असेल तर प्रोब पोटाच्या उजव्या वरच्या भागात, यकृतावर. पालथं असेल तर कुशीवर किंवा पाठीच्या खालच्या भागात. हाडावर नको, काखेत नको, खांद्यांच्या मध्ये नको, कारण तपकिरी चरबीची ऊब खोटा आकडा देते. बाळाच्या अंगाखाली प्रोब कधीही नको, आणि डायपरच्या किंवा दुपट्याच्या आत दडवू नका. त्वचा कोरडी करून प्रोबची सपाट बाजू त्वचेला टेकवा आणि वर चकाकी असलेलं कव्हर लावा. ते नसेल तर वॉर्मरचे किरण थेट प्रोबला तापवतात, मशिनला वाटतं बाळ उबदार आहे, आणि हीटर कमी होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला थेट मायक्रोपोर (कागदी टेप) लावू नका, खाली हायड्रोकोलॉइडचा (त्वचा जपणाऱ्या मऊ ड्रेसिंगचा) तुकडा ठेवा. टेप काढताना ओल्या कापसाने भिजवून काढा, नाहीतर कातडी सोबत येते. सर्वो मोडमध्ये, म्हणजे प्रोबच्या आकड्यावरून मशिन स्वतः हीटर कमी-जास्त करतं तेव्हा, सेट तापमान सहसा ३६.५ ठेवतात.

आकडे जुळले नाहीत तर

प्रोब सुटला की तो हवेचं तापमान वाचतो. मशिनला बाळ गार वाटतं, हीटर पूर्ण जोरात चालतो, आणि बाळ भाजून निघण्याइतकं तापू शकतं. पॅनेलवर ३५.४, हीटर शंभर टक्के आणि काखेत ३८.२ असं दिसलं तर हेच झालेलं असतं. उलट प्रोब अंगाखाली दबला तर तो जास्त वाचतो, हीटर मंदावतो आणि पॅनेलवर ३६.८ दिसत असताना बाळ ३५.९ वर उतरलेलं असतं. दोन्ही वेळा आधी प्रोबला हात घाला, सेट तापमानाला नाही. प्रोब न बघता सेट तापमान वाढवणं किंवा अलार्म नुसता बंद करणं यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

प्रोब ठीक आहे आणि तरी बाळ ३७.५ च्या वर असेल तर पोट आणि तळपाय पुन्हा बघा. दोन्ही सारखेच गरम, बाळ लालसर, हातपाय पसरून पडलेलं असेल तर बहुधा बाहेरच्या उष्णतेने तापलं आहे. पोट गरम आणि पाय गार, रंग उतरलेला, बाळ मलूल असेल तर जंतुसंसर्गाचा विचार करून लगेच डॉक्टरांना बोलवा. तापलेल्या बाळाचं जादा दुपटं, टोपी काढा, सेटिंग तपासा आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

गार पडलेल्या बाळाचं ओलं दुपटं बदला, एसीचा झोत बेडवर येतोय का बघा, रक्तातली साखर तपासा, डॉक्टरांना कळवा आणि तापमान ३६.५ होईपर्यंत दर १५ ते ३० मिनिटांनी काखेत घ्या.

किती वेळाने

बाळ दाखल होताच, वजन करण्याच्याही आधी, पहिलं तापमान घ्या. रुग्णवाहिकेतून किंवा लेबर रूममधून येताना ते किती गार पडलं हे त्या एका आकड्यातूनच कळतं. आजारी बाळ सर्वो मोडवर असेल तर दर २ तासांनी. मॅन्युअल मोडवर असेल तर दर १५ मिनिटांनी, कारण तिथे बाळ तापलं तरी मशिन हीटर कमी करत नाही. म्हणून मॅन्युअल मोडवर बाळ सोडून जेवायला जाऊ नये. फोटोथेरपीखाली (काविळीसाठीच्या निळ्या दिव्याखाली) दर २ ते ४ तासांनी. कांगारू मदर केअर (बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणं) सुरू केल्यावर सलग तीन दिवस तापमान स्थिर राहीपर्यंत दर ६ तासांनी, मग दिवसातून दोनदा. ते घेताना बाळाला आईपासून दूर करू नका. तिच्या छातीवरच कुशीकडून थर्मामीटर काखेत सरकवा, आणि आईला आकडा दाखवा. घरी गेल्यावर तिलाच हे करायचं आहे.

चार्टवर काय लिहायचं

काखेतलं तापमान, प्रोबचं तापमान, सेट तापमान आणि हीटर किती टक्के, हे चारही एका ओळीत, वेळेसकट. चौथा आकडा बरेच जण गाळतात आणि तोच महत्त्वाचा ठरू शकतो. बाळ तीन वेळा ३६.७ वर स्थिर दिसतं, पण हीटर ३० टक्क्यांवरून ५५, मग ८० वर गेलेला असतो. मशिन जास्त ऊब देतंय म्हणून आकडा टिकला आहे, बाळ स्वतः ऊब धरत नाही. इन्क्युबेटरमध्ये उलटही घडतं: बाळाला ताप चढतो, सर्वो आतली हवा गार करत जातो आणि त्वचेचा आकडा जागचा हलत नाही. असा बदल दिसला तर खोली, झोत, दारं आणि प्रोब तपासा. कारण सापडलं नाही तर काखेतला आकडा नॉर्मल असला तरी डॉक्टरांना त्याच वेळी सांगा, पुढच्या राउंडची वाट बघू नका.