उचललेल्या फोर-बाय-फोरचा शाफ्ट आणि पिनियनचा कोन कसा जुळवावा

गाडी चार इंच उचलली, मोठे टायर चढवले, आणि वेग धरताच बुडाखालून थरथर सुरू झाली. असं झालं की बहुतेक जण आधी टायर बॅलन्स करायला धावतात. त्याआधी खाली वाकून मागचा शाफ्ट, म्हणजे मागच्या अॅक्सलला फिरकी पोचवणारी लांब नळी, बघा.

शाफ्टच्या टोकाचा क्रॉस जॉइंट (कोनातही फिरकी देणारा सांधा) कोनात फिरला की त्याच्या पुढच्या भागाचा वेग एकसारखा राहत नाही. १० अंशांच्या कोनात तो प्रत्येक फेरीत दोनदा साधारण दीड टक्का कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाच्या क्रॉसचा कोन तेवढाच असला आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत असले, तर हा चढउतार तिथेच जिरतो. सगळा खेळ एवढाच.

म्हणून आधी शाफ्ट ओळखा. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असेल, तर पिनियन (अॅक्सलमध्ये फिरकी नेणारा दांडा) ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, आउटपुटला समांतर हवा. ट्रान्सफर केसकडे जोडक्रॉस, म्हणजे डबल कार्डन असेल, तर मात्र पिनियनचं नाक जवळपास शाफ्टच्या रेषेत ठेवतात. साध्या शाफ्टला जोडक्रॉसचा नियम लावणं ही सर्रास होणारी चूक आहे. तसं केलं की थरथर वाढतेच.

आता मापं. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी हवी. अॅक्सल लटकत असताना घेतलेलं माप निरुपयोगी. चाकांना आधी अडवणारे ठोकळे लावा, कारण शाफ्ट सुटला की गिअर गाडीला धरून ठेवत नाही. अँगल मीटर आउटपुट योकच्या सपाट तोंडावर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियन योकवर ठेवून तिन्ही आकडे लिहा. समजा, आउटपुट मागे ४ अंश उतरतं आणि शाफ्ट १०. पुढच्या क्रॉसचा कोन झाला ६. पिनियनचं नाक ४ अंश वर असेल तर मागेही ६ येतात, हिशेब जुळला. नाक ८ अंशांवर नेलं की मागे २ उरतात, आणि थरथर हजर. दोन्हींतला फरक १ अंशाच्या आत ठेवा. कोन शून्यही नको. क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया हलल्याच नाहीत तर एकाच जागी खड्डे पाडतात.

पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) गाडी असेल तर कोन बदलायला अॅक्सल आणि पाट्यांमध्ये उताराची पाचर बसते. पाचर लोखंडी घ्या, अॅल्युमिनियमची दाबाखाली तुटू शकते. यू-बोल्ट नवेच लावा. कॉइल स्प्रिंग असेल तर लांबी बदलता येणारे कंट्रोल आर्म, म्हणजे अॅक्सल चेसिसला धरून ठेवणारे दांडे, लागतात. जोर दिल्यावर पाटे पिळवटून पिनियनचं नाक वर उचलतात, म्हणून जोडक्रॉसच्या गाडीत ते शाफ्टच्या रेषेपेक्षा १ ते २ अंश खाली ठेवायचं.

पुढच्या अॅक्सलला हात लावताना जपून. पिनियन वर केला की कॅस्टर (स्टेअरिंगच्या धुरीचा मागे झुकाव) घटतो आणि स्टेअरिंग भरकटतं. दोन्हींची ओढाताण झाली तर मी कॅस्टरच्या बाजूने असतो.

शेवटी चेसिसला आधार देऊन अॅक्सल पूर्ण लटकवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. योक कुठे अडतोय का आणि सरकता भाग निसटायला आलाय का, तेही बघा. मग अॅक्सल पूर्ण दाबून सरकता भाग तळाला टेकत नाही याची खात्री करा. काही दिवस चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा.