आधी कागदावर, मग संगणकावर : सी भाषेचा पायाभूत सराव

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवली आणि युनिक्स ही कार्यप्रणाली पुढे याच भाषेत नव्याने लिहिली गेली. नवशिक्याने एवढा इतिहास तरी ध्यानात ठेवावा, कारण भाषेचा स्वभाव त्यातून कळतो. संगणकाच्या मेमरीत कोठे काय ठेवले आहे याचे भान असलेल्या लोकांनी आपल्या कामासाठी ही भाषा तयार केली, त्यामुळे ती लिहिणाऱ्यावर पूर्ण भरवसा टाकते आणि त्याच्या पुष्कळशा चुका अडवत नाही. प्रोग्राम कंपाइल होतो (म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलला जातो), चालतो, उत्तरही देतो आणि तरीही ते उत्तर साफ चुकीचे असू शकते. म्हणून सी शिकताना प्रत्येक छोटा प्रोग्राम चालवण्याआधी त्याचे अपेक्षित उत्तर कागदावर लिहून ठेवावे. दोन्ही उत्तरांत फरक पडला, तर तो कशामुळे पडला हे समजेपर्यंत पुढच्या प्रोग्रामला हात लावू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तयारीला फारसे काही लागत नाही. जीसीसी किंवा क्लँग यांपैकी एक कंपायलर (कंपाइल करणारा प्रोग्राम) आणि साधा टेक्स्ट एडिटर पुरेसा आहे. कंपाइल करताना ‘डब्ल्यू-ऑल’ (-Wall) हा पर्याय मात्र पहिल्या दिवसापासून द्यावा, म्हणजे कंपायलर एरवी जे बोलत नाही तेही वॉर्निंगच्या रूपाने सांगतो. वॉर्निंग आली तरी प्रोग्राम चालतो म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय लागली, की ती मोडणे फार अवघड जाते. दुसरे पथ्य असे की, प्रोग्राम कॉपी-पेस्ट न करता स्वतःच्या हाताने टाइप करावा.

पहिला प्रोग्राम पडद्यावर एक वाक्य छापण्याचा असतो आणि तो पाच मिनिटांत होतो. तो झाल्यावर मुद्दाम मोडून पाहावा. प्रिंटएफच्या (printf, म्हणजे छापण्याच्या आज्ञेच्या) ओळीशेवटचा सेमीकोलन काढावा, एक अवतरणचिन्ह गाळावे, मेनचा (main, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या भागाचा) शेवटचा महिरपी कंस पुसावा आणि प्रत्येक वेळी कंपायलर कोणता संदेश देतो, कोणत्या ओळीचा क्रमांक दाखवतो, हे वहीत टिपून ठेवावे. शेवटचा कंस नसेल तर संदेश बहुधा फाइलच्या अखेरीकडे बोट दाखवतो, चूक मात्र त्याच्या बरीच वर असू शकते. ही ओळख आधी झालेली असली, म्हणजे पुढे मोठ्या प्रोग्राममध्ये दहा एरर एकदम आल्या तरी जीव घाबरा होत नाही. त्यांतली सर्वांत वरची एरर आधी दुरुस्त करावी, कारण खालच्या पुष्कळशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

दुसरा प्रोग्राम सेल्सिअसचे फॅरनहाइट करण्याचा घ्यावा. सूत्र सर्वांना पाठ असते : नऊ भागिले पाच, गुणिले सेल्सिअस, अधिक बत्तीस. सेल्सिअस ३७ असेल तर कागदावर ९८.६ हे उत्तर येते. आता हेच सूत्र ९ / ५ * सेल्सिअस + ३२ असे लिहून प्रोग्राम चालवला तर उत्तर ६९ येते. बहुतेक जण अशा वेळी व्हेरिएबलचा (किंमत ठेवण्याच्या नाव दिलेल्या जागेचा) प्रकार इंटऐवजी (पूर्णांक) फ्लोट (अपूर्णांकासह संख्या) करून पाहतात, तरीही ६९ च येते, आणि शिकण्याची खरी जागा हीच आहे. ९ आणि ५ हे दोन्ही पूर्णांक असल्यामुळे त्यांचा भागाकारही पूर्णांकच होतो. १.८ मधला अपूर्णांक टाकून दिला जातो आणि हाती १ उरतो. व्हेरिएबलचा प्रकार बदलला तरी हा भागाकार त्याच्याआधीच उरकलेला असतो. ९ च्या जागी ९.० लिहिले, की ९८.६ मिळते. शिवाय सर्व व्हेरिएबल इंट ठेवून सेल्सिअस * ९ / ५ + ३२ असा क्रम बदलून पाहावा. तेव्हा ३३३ ला ५ ने भागून ६६ आणि त्यात ३२ मिळवून ९८ येतात. एकाच सूत्राची ही तीन उत्तरे आधी कागदावर काढता आली, तर पूर्णांकांचे गणित समजले असे मानायला हरकत नाही.

अटी शिकण्यासाठी लीप वर्षाचा प्रोग्राम चांगला आहे, कारण त्याचा नियम एका दमात सांगता येतो आणि तरीही तो लिहिताना चुकतो : ४ ने भाग जाणारे वर्ष लीप असते, पण १०० ने भाग जात असेल तर नसते, आणि ४०० ने भाग जात असेल तर पुन्हा असते. चाचणीसाठी २०२३, २०२४, १९०० आणि २००० ही चार वर्षे घ्यावीत, कारण नियमाची प्रत्येक वाट यांपैकी एकातरी वर्षात तपासली जाते. याच प्रोग्राममध्ये एकेरी आणि दुहेरी बरोबरीच्या चिन्हांतला फरकही पाहून घ्यावा. % हे चिन्ह भागाकारातली बाकी देते. वर्ष % ४ = ० असे एकेरी चिन्ह लिहिले तर कंपायलर अडवतो, कारण डाव्या बाजूला किंमत ठेवण्याजोगी जागाच नाही. परंतु इफच्या (if, म्हणजे ‘जर’च्या) कंसात नुसते बाकी = ० लिहिले तर ते नियमात बसते : बाकी या व्हेरिएबलमध्ये शून्य भरले जाते आणि शून्य म्हणजे खोटे असल्यामुळे अट कायमची खोटी ठरते. डब्ल्यू-ऑल दिलेले असेल तर निदान वॉर्निंग मिळते.

लूपसाठी, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवून घेण्याच्या सरावासाठी, संख्येतील अंकांची बेरीज करावी आणि इथे घाई करू नये. ४०७३ ही संख्या घेऊन वहीत तीन रकाने आखावेत : संख्या, शेवटचा अंक आणि बेरीज. १० ने भागून उरणारी बाकी म्हणजे शेवटचा अंक आणि १० ने केलेला पूर्णांक भागाकार म्हणजे उरलेली संख्या. पहिल्या फेरीत अंक ३, बेरीज ३ आणि संख्या ४०७ उरते. दुसऱ्या फेरीत अंक ७, बेरीज १० आणि संख्या ४०. तिसरीत अंक ०, बेरीज १० च राहते आणि संख्या ४ होते. चौथीत अंक ४, बेरीज १४, संख्या ० होते आणि लूप थांबते. मघाशी ज्या पूर्णांक भागाकाराने तापमान चुकवले, तोच इथे सगळे काम करून देतो. असा प्रोग्राम कागदावर फेरीफेरीने चालवून पाहण्यालाच ड्राय रन म्हणतात. यानंतर हीच संख्या उलटी करून ती मूळ संख्येइतकी आहे का, हे तपासणारा प्रोग्राम लिहावा. १२२१ दिल्यावरही ‘नाही’ असे उत्तर आले, तर पुन्हा रकान्यांकडे पाहावे. लूप संपते तेव्हा संख्या शून्य झालेली असते आणि आपण उलटी संख्या त्या शून्याशी ताडून पाहत असतो. मूळ संख्येची प्रत दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये आधीच ठेवायला हवी, हे रकाने आखलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

फॅक्टोरियलचा (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांच्या गुणाकाराचा) प्रोग्राम १ पासून १५ पर्यंतच्या संख्यांसाठी चालवावा. १२ साठी ४७९००१६०० हे बरोबर उत्तर येते. १३ साठी ६२२७०२०८०० यायला हवे, पण इंट जेथे ३२ बिटांचा असतो तेथे बहुधा १९३२०५३५०४ छापले जाते, कारण अशा इंटमध्ये २१४७४८३६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. कोणतीही एरर येत नाही. सी भाषेच्या नियमांनुसार अशा वेळी काय व्हावे हे ठरलेलेच नाही. ६४ बिटांचा लाँग लाँग हा प्रकार वापरला तर २० पर्यंत निभावते.

ॲरेचीही, म्हणजे एकाच नावाखाली ओळीने ठेवलेल्या किमतींचीही, तीच गत आहे. पाच गुणांच्या ॲरेचे क्रमांक ० ते ४ असतात आणि लूपच्या अटीत चुकून ‘५ पर्यंत’ लिहिले गेले, तर प्रोग्राम सहाव्या, आपल्या नसलेल्या जागेत शिरतो. कधी विचित्र बेरीज मिळते, तर कधी काहीच बिघडल्यासारखे दिसत नाही. जीसीसी आणि क्लँग या दोहोंत मेमरीच्या अशा चुका पकडणारी ॲड्रेस सॅनिटायझर नावाची सोय आहे. ती चालू करून हीच चूक मुद्दाम करून पाहावी, म्हणजे चूक पकडलेली दिसते.

शेवटी फंक्शनकडे, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या, नाव दिलेल्या स्वतंत्र भागाकडे वळावे. दोन व्हेरिएबलांच्या किमतींची अदलाबदल करणारे फंक्शन लिहून त्याला ३ आणि ८ द्यावेत. फंक्शनच्या आत छापले तर ८ आणि ३ दिसतात, मेनमध्ये परत आल्यावर मात्र ३ आणि ८ जागच्या जागी असतात, कारण फंक्शनला मिळाल्या त्या किमतींच्या प्रती. वहीत मेनच्या दोन चौकटी आणि फंक्शनच्या दोन निराळ्या चौकटी काढल्या, की हे लगेच दिसते. अदलाबदल खरोखर व्हायची असेल तर & चिन्ह लावून चौकटींचे पत्ते पाठवावे लागतात, आणि फंक्शनने * चिन्हाने त्या पत्त्यांवर जाऊन किंमत बदलावी लागते. पॉइंटर म्हणजे असा पत्ता ठेवणारे व्हेरिएबल. स्कॅनएफला (scanf, म्हणजे टाइप केलेली किंमत वाचणाऱ्या फंक्शनला) पूर्णांक वाचायला सांगताना & का लावावे लागते आणि प्रिंटएफला तो छापायला सांगताना का लागत नाही, याचा उलगडाही इथेच होतो : स्कॅनएफला आपल्या चौकटीत किंमत भरायची असते, प्रिंटएफला ती फक्त वाचायची असते.

हे समजले की नाही, हे पाहण्यासाठी एक प्रोग्राम कोणाचीही मदत न घेता लिहावा. एकूण मिनिटे आणि दोन पत्ते घेऊन तास व उरलेली मिनिटे त्या पत्त्यांवर ठेवणारे फंक्शन त्यात असावे. १३५ दिल्यावर २ आणि १५ मिळायला हवेत. कंपायलर उघडण्याआधी कागदावर चौकटी काढून कोणता बाण कोणत्या चौकटीकडे जातो ते दाखवावे आणि ० व ५९ या किमतींची उत्तरेही शेजारी लिहून ठेवावीत.