कोकणातल्या घरासाठी होम थिएटर निवडताना

रत्नागिरी-मालवणकडच्या घरात होम थिएटर घ्यायचे असेल, तर वॉटचे आकडे पाहण्याआधी खोली नीट पाहावी. चिऱ्याच्या उघड्या भिंती आणि गुळगुळीत लाद्या यांवर आवाज आदळून घुमतो, म्हणून जाड पडदे आणि सतरंजी यांचा खर्च आधीच धरावा. चित्रपटातील संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरमधून येतात. त्यामुळे कौलांवर पाऊस कोसळत असतानाही शब्द कळावेत असे वाटत असेल, तर सबवूफरपेक्षा (खोल, घुमणारा आवाज देणाऱ्या स्पीकरपेक्षा) या मधल्या स्पीकरवर अधिक पैसे घालणे मला योग्य वाटते. ५.१ संचात, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर असलेल्या संचात, पुढचे दोन स्पीकर बसणाऱ्यापासून पडद्याच्या मध्याकडे जाणाऱ्या रेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ३० अंशांवर आणि सराउंडचे, म्हणजे बाजूने किंचित मागे असलेले, दोन ११० अंशांच्या आसपास ठेवतात. तेवढी जागा नसल्यास साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा एकच लांबट स्पीकर, घ्यावा.

खरी काळजी खाऱ्या हवेची आहे. वायरींची उघडी तांब्याची टोके काळवंडून हिरवट पडतात आणि आवाज तुटू लागतो, म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले प्लग वापरावेत आणि पावसाळ्यानंतर जोडण्या उघडून, कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा घट्ट बसवाव्यात. स्पीकरचा शंकू (थरथरून आवाज काढणारा आतला भाग) कागदी असण्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा असल्यास दमट हवेत अधिक टिकतो. रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारे यंत्र, बंद कपाटात कोंडू नये. विजेचा दाब वरखाली होत असल्यास स्टॅबिलायझर घ्यावाच. मात्र वीज कडाडू लागण्यापूर्वी प्लग आणि डिशची वायर, दोन्ही काढून ठेवावीत.