टाइप-सी हेडफोन अ‍ॅडाप्टर कसा पारखावा

हेडफोनची पिन खोचण्याचे गोल छिद्र २०१६ साली आयफोन ७ मधून गेले आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक महागड्या अँड्रॉइड फोनमधूनही ते दिसेनासे झाले. ज्यांच्याकडे तारेचे चांगले हेडफोन आहेत, त्यांच्यासाठी सोपा उपाय म्हणजे फोनच्या टाइप-सी छिद्रात बसणारा बोटभर लांबीचा अ‍ॅडाप्टर. डिजिटल आकड्यांचे विद्युतलहरींत रूपांतर करणारी चिप, म्हणजे डॅक, आणि हेडफोन चालवणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, असे दोन्ही बहुधा त्यात सामावलेले असते.

खरेदी करताना आपण सगळे आधी आवाजाचा विचार करतो. माझा अनुभव मात्र असा आहे, की आवाजाच्या तीन मूलभूत कसोट्यांना उतरलेल्या दोन अ‍ॅडाप्टरमधला फरक कानाला क्वचितच कळतो. बांधणीतला फरक मात्र मुंबईत एका पावसाळ्यात उघड होतो. माझे तीन अ‍ॅडाप्टर आजवर निकामी झाले आणि तिन्हींचा आवाज शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम होता. तुटली ती तार, आणि तीही प्रत्येक वेळी टाइप-सी पिनेतून बाहेर पडते त्याच जागी.

म्हणून पारख दुकानातच सुरू करावी. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर असे अ‍ॅडाप्टर हाताळून पाहता येतात. तिथे पहिला प्रश्न विचारावा, “दादा, यात चिप आहे का?” काही स्वस्त अ‍ॅडाप्टरमध्ये चिप नसतेच; त्यात केवळ तारा जोडलेल्या असतात आणि टाइप-सी छिद्रातून थेट अ‍ॅनालॉग आवाज देणाऱ्या मोजक्याच फोनवर ते चालतात. विक्रेत्याचे उत्तर खात्रीचे वाटले नाही, तर अ‍ॅडाप्टरला हेडफोन लावून तो लॅपटॉपच्या टाइप-सी छिद्रात बसवावा. ध्वनीच्या उपकरणांच्या यादीत नवे नाव दिसले, तर आत चिप आहे. यादी जशीच्या तशी राहिली, तर तो परत द्यावा.

त्यानंतर बांधणी पाहावी, आणि ती सावकाश पाहावी. तार दोन्ही टोकांना जिथे बाहेर पडते, तिथे लवचिक रबराची निमुळती बाही आहे की तार सरळ टणक प्लॅस्टिकमधून निघते, हे नखाने चाचपून बघावे. बाही असेल तर वाक लांबीभर विभागला जातो. नसेल तर सगळा ताण एकाच बिंदूवर येतो. निकामी झालेल्यांपैकी एक अ‍ॅडाप्टर मी ब्लेडने उघडला, तेव्हा आतल्या तारा केसाइतक्या बारीक होत्या, त्यांतली एक डाखापासून अलग झाली होती आणि डाखाच्या कडेला हिरवट थर चढला होता. घाम आणि दमट खारी हवा यांनी तांबे गंजले, की असाच थर धरतो. ताणाने फट पडते आणि दमट हवा पुढचे काम करते.

तार नसलेला, एकसंध ठोकळ्यासारखा अ‍ॅडाप्टर दिसायला मजबूत वाटतो, परंतु खिशात तो तरफेसारखा काम करतो. लोकलच्या गर्दीत त्यावर कोणाचा कोपर दाबला गेला, तर अ‍ॅडाप्टर शाबूत राहून फोनचे छिद्र ढिले होऊ शकते, आणि ती दुरुस्ती अ‍ॅडाप्टरपेक्षा महाग पडते. त्यामुळे प्रवासासाठी लहान, लवचिक तारेचा अ‍ॅडाप्टरच घ्यावा असे माझे ठाम मत आहे. ज्यांची तार दोन्ही बाजूंनी काढून बदलता येते, ते अ‍ॅडाप्टर थोडे मोठे असतात, पण तार गेली तरी बाकीचे वाचते. शेवटी हेडफोनची पिन खोचून पाहावी. ती टक् असा हलका आवाज करत बसली पाहिजे आणि गाणे चालू असताना बोटांनी फिरवली असता खरखर होता कामा नये.

आता आवाजाच्या तीन कसोट्या. पहिली कसोटी ताकदीची. साधे अ‍ॅडाप्टर साधारण १ व्होल्टपर्यंत आणि मोठे २ व्होल्ट किंवा त्याहून अधिक देतात. १ व्होल्टला ३२ ओम अवरोधाच्या (म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याच्या) हेडफोनमध्ये सुमारे ३१ मिलिवॅट शक्ती जाते, पण ३०० ओमच्या हेडफोनमध्ये जेमतेम ३.३ मिलिवॅट. म्हणून इयरफोन वापरणाऱ्याने जादा शक्तीसाठी पैसे मोजू नयेत. जास्त ओमचे मोठे हेडफोन असणाऱ्याने मात्र मोजावेत. लोकलच्या खडखडाटात आवाज वाढवावासा वाटतो, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ध्यानात असावी : प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. कानात घट्ट बसणाऱ्या रबरी टोप्यांनी बाहेरचा गोंगाट अडवणे हाच त्यावरचा बरा उपाय आहे.

दुसरी कसोटी शांततेची, आणि ती मुंबईत रात्री उशिरा पंखा बंद करूनच घेता येते. सर्वांत संवेदनशील इयरफोन लावून तंबोऱ्याचे एखादे ध्वनिमुद्रण ऐकावे आणि शेवटचा झंकार विरतानाचे काही क्षण कान देऊन ऐकावे. त्या विरण्यामागे सततची सूं-सूं ऐकू आली, तर अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा आवाज जास्त आहे. मधूनच गुरगुर किंवा टिकटिक आली, तर फोन विमान मोडवर टाकावा. ती थांबली तर फोनच्या रेडिओलहरी आत शिरत आहेत, म्हणजे त्या अडवणाऱ्या आवरणाचे काम नीट झालेले नाही.

तिसरी कसोटी थोडी तांत्रिक आहे, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. अ‍ॅडाप्टरचा स्वतःचा अंतर्गत अवरोध हेडफोनच्या अवरोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा जुना ठोकताळा आहे. प्रत्येक कानात एकाहून अधिक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे चिमुकले स्पीकर, असलेल्या इयरफोनचा अवरोध स्वरानुसार बदलत असतो. अ‍ॅडाप्टरचा अवरोध जास्त असेल, तर काही स्वर दबतात, काही उठावतात आणि इयरफोनचा मूळ रंगच पालटतो. हे मोजण्यासाठी १०० हर्ट्झचा अखंड स्वर वाजवावा आणि एका कानाच्या वाहिनीवर, म्हणजे तिचे टोक आणि सामाईक टोक यांच्यामध्ये, मल्टिमीटरने एसी व्होल्टेज पाहावे. मीटरवर २ व्होल्टची एसी श्रेणी हवी. अगदी स्वस्त मीटरवर ती २०० व्होल्टपासूनच सुरू होते आणि त्याचा इथे उपयोग नाही. मग त्याच दोन टोकांना ३३ ओमचा रेझिस्टर जोडून पुन्हा वाचावे. आधी ०.५० आणि नंतर ०.४८ व्होल्ट आले, तर पहिल्याला दुसऱ्याने भागून, एक वजा करून, ३३ ने गुणावे : उत्तर सुमारे १.४ ओम. १६ ओमच्या इयरफोनला हा आकडा चालतो.

तिन्ही कसोट्या पार केलेल्या दोन अ‍ॅडाप्टरची तुलना करायचीच असेल, तर याच मीटरने दोन्हींचे व्होल्टेज आधी जवळपास सारखे करून घ्यावे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो आणि बहुतेक तुलना तिथेच फसतात. ऐकण्यासाठी मी तबल्याच्या डग्ग्याची घुमारदार मींड आणि तंबोऱ्याची जवारी घेतो. मींडीत खर्जाची पकड कळते आणि जवारीत चारही तारा एकमेकींत न मिसळता वेगळ्या ऐकू येतात की नाही, हे कळते. वेष्टनावरील ३८४ किलोहर्ट्झसारख्या सॅम्पलिंगच्या, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने हे सांगणाऱ्या, आकड्यांकडे खुशाल दुर्लक्ष करावे. सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ हे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर पकडतात आणि माणसाचा कान २० च्या वर जात नाही.

फोनवर बोलायचे असेल, तर माइक चालतो का हे घेतल्या दिवशीच तपासावे. काही अ‍ॅडाप्टर विशिष्ट अँड्रॉइड फोनवर मुळातच हळू वाजतात, म्हणून तपासणी आपल्याच फोनवर व्हावी.

पावसाळ्यात अ‍ॅडाप्टर शर्टच्या खिशात न ठेवता सिलिका जेलच्या पुडीसह छोट्या झिपच्या पिशवीत ठेवावा. तो फोनला लावून ठेवला, तर गाणे बंद असतानाही थोडी बॅटरी खात राहतो, त्यामुळे गाडीतून उतरल्यावर काढून ठेवावा. आणि काढताना तारेला न ओढता टाइप-सी पिनेच्या मागचा कडक भाग चिमटीत धरून सरळ बाहेर घ्यावा.